प्रवासी वाद्य टिकावे कसे?



कारंज्याच्या या व्याख्यानमालेत आजवर संत, समाजसुधारक, साहित्यिक आणि शास्त्रज्ञ यांच्यावर भाषणे झाली. आम्ही कामगार चळवळीतले. आमच्याकडून वेतन, बोनस, कामाचे तास अशा विषयांची अपेक्षा असणे साहजिक आहे. परंतु चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही एका वाद्याचे नाव सांगितले, आणि दूरध्वनीवर पलीकडे थोडा वेळ कोणी काही बोलेना. म्हणून हा विषय का निवडला, ते आधी सांगतो.

आपले गाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. वैशाखात लग्नसराई सुरू झाली की कोंढाळीच्या बाजूने धुमाल पार्ट्यांच्या गाड्या येऊ लागतात. गाडीवर ढोल, ताशे, ऑक्टोपॅड, मागे जनरेटर, पुढे भोंगे, आणि मधोमध एक तरुण उभा राहून सिंथेसायझर वाजवीत असतो. वाद्य कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. हा तरुण आणि त्याच्या बरोबरीचे वायरमन, हमाल, चालक यांची गणना कामगारांत करावी असे अजून कोणाच्या मनात येत नाही. ते स्वतःही तसे मानीत नाहीत. पण भर हंगामात वाद्य बंद पडले, म्हणजे बुडालेली सुपारी कोणाच्या हिशेबात धरायची, दुरुस्ती कोणी द्यायची, असा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे येतात. प्रत्येक वेळी आम्हांला असे दिसले, की भांडण पैशांवरून होत असले तरी त्याचे मूळ पेटीच्या बांधणीत असते. वाद्य प्रवासासाठी बांधलेलेच नसते. म्हणून त्याच्या बांधणीचा विचार आम्ही करू लागलो. शाळा आम्ही लवकर सोडली. विजेचे ज्ञान मिस्त्र्यांच्या हाताखाली मिळाले आणि बाकीचे वाचनालयांतून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. हाताला जे कळले ते सांगतो.

आज बोलायचे आहे ते सुट्या घटकांच्या सिंथेसायझरविषयी. इंग्रजीत त्याला मॉड्युलर म्हणतात आणि आपणही तोच शब्द वापरू. नेहमीच्या कीबोर्डात सगळी यंत्रणा एकाच डब्यात बंद असते. मॉड्युलरमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळा घटक असतो. एक घटक विजेची लहर निर्माण करतो, त्याला ऑसिलेटर म्हणतात. दुसरा त्या लहरीतला नको तो भाग गाळतो, तो फिल्टर. तिसरा आवाज लहानमोठा करतो. चौथा आवाज केव्हा चढावा व केव्हा उतरावा हे ठरवितो. हे सारे घटक एका चौकटीत शेजारी-शेजारी बसविलेले असतात आणि लहान लहान केबलींनी बाहेरून जोडलेले असतात. आपल्या भागात जिनिंग आणि प्रेसिंग सर्वांनी पाहिलेले आहे. बंड्यांतून कापूस येतो, रेच्यावर सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते, गठाण बांधली जाते. इथेही तसेच, एकाचे काम संपले की माल दुसऱ्याकडे. फरक एवढाच, की केबल काढून दुसरीकडे लावली की कामाचा क्रम बदलतो आणि त्याबरोबर आवाजही बदलतो. वादकाला हे वाद्य आवडते ते या मोकळिकीसाठी.

या यंत्राचा इतिहास प्रवासाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी आपले पहिले घटक बांधले, आणि जवळजवळ त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुक्ला यांनी आपले. आपल्या देशात हे यंत्र आले तेही फार उशिरा नव्हे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचे यंत्र उभे करून दिले. १९७२ पर्यंत तेथे भारतीय मंडळींनी त्यावर ध्वनिफिती तयार केल्या. त्या फिती पुढे कित्येक वर्षे कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक ध्वनी प्रसिद्ध झाले. पण ते यंत्र खोलीतले होते. ते गावोगाव फिरले नाही, आणि फिरावे म्हणून बांधलेलेही नव्हते.

फिरविण्याचे धाडस इंग्लंडात कीथ इमर्सन या वादकाने १९७० पासून केले. वाढवत वाढवत त्याच्या मूगचे वजन सुमारे २५० किलोवर गेले, उंची दहा फूट झाली, आणि ते हलवायला चार माणसे लागू लागली. त्या चौघांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीच्या डीटर डॉप्फर यांनी लहान आकाराच्या घटकांचे माप बाजारात आणले. त्याला युरोरॅक म्हणतात. घटकाची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, वीज अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट. हे माप त्यांनी स्वतःपुरते राखून ठेवले नाही. त्यामुळे जगभरच्या लहानमोठ्या कारागिरांनी त्या मापात घटक बनविले, आणि एकाचा घटक दुसऱ्याच्या चौकटीत बसू लागला. कामगाराच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. माप सर्वांचे झाले की दुरुस्तीही सर्वांची होते.

प्रवासी वाद्याचा अनुभव मात्र आपल्याला नवा नाही. किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर संगीत नाटक मंडळ्यांनी महाराष्ट्र व वऱ्हाड पालथे घातले. त्यांच्या सामानात पायपेटी आणि हातपेटी असे. तमाशाचे फड आजही दसऱ्यानंतर बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्कामाला मुक्काम जोडीत जातात. हातपेटी या प्रवासात का टिकली, याचा विचार करावा. तिचा एक सूर बसला, तर झाकण उघडून ती पितळी पट्टी काढता येते, साफ करता येते, जरा खरडून सुरात आणता येते. भात्याला भोक पडले तर कातड्याचा तुकडा चिकटवला की काम भागते. एक सूर बिघडला म्हणून सारी पेटी कोणी टाकून देत नाही. आणि ही दुरुस्ती करणारा माणूस जिल्ह्याच्या गावी तरी सापडतोच. म्हणजे हातपेटी पूर्वीपासूनच एका अर्थाने सुट्या घटकांची आहे.

उलट आजचा बंद डब्यातला कीबोर्ड पाहा. आतली एक पाटी जळली की वाद्य मुके होते. मग ते मुंबईला पाठवा, भाग येईपर्यंत महिना काढा, तोवर हंगाम संपलेला असतो. आमच्या माहितीतील एका दुकानदाराने तर सुटा भाग मिळत नाही, नवाच घ्या, एवढे सांगून एका पोराला परत पाठविले. त्या पोराच्या जुन्या वाद्याचे हप्ते अजून फिटायचे होते.

तेव्हा मॉड्युलर हा उपाय आहे का? आहे, पण अर्धाच. घटक सुटे असले की बिघडलेला एक काढून दुसरा बसविता येतो, हे खरे. परंतु घटक जितके जास्त तितके सांधे जास्त, आणि प्रवासात यंत्र मोडते ते बहुधा सांध्यापाशी. चांदूरच्या रस्त्यावरचा एक खड्डा जे करतो, ते घरात ठेवलेल्या यंत्राला दहा वर्षांत होत नाही. म्हणून सुट्या घटकांचे वाद्य प्रवासाला काढायचे असेल, तर ते नव्याने विचार करून बांधले पाहिजे.

हा विचार करताना आम्हांला वाट सापडली ती आपल्याच जिल्ह्यात. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे चरखे पाहताना १९२९ सालची एक गोष्ट आठवली. अखिल भारतीय चरखा संघाने त्या वर्षी सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! पण त्याच्या अटी बक्षिसाहून मोलाच्या आहेत. यंत्र हलके, सहज नेता-आणता येईल असे, आणि खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालविता येण्याजोगे असावे. त्यावर बाईला आठ तास फारसा शीण न होता काम करता यावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते किमान वीस वर्षे चालावे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. यंत्रे आली, तपासली गेली, पण सगळ्या अटी कोणाच्याच यंत्राने पुऱ्या केल्या नाहीत आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

बक्षीस राहिले, पण अटी आपल्याला उपयोगी आहेत. यंत्र किती पोलादाचे आहे, असे त्यांत कोठेही विचारलेले नाही. ते कोण उचलणार, किती वेळ वापरणार, कुठे वापरणार, मोडले तर किती खर्चात दुरुस्त होणार, हे विचारले आहे. टिकाऊपणाची ही व्याख्या वापरणाऱ्या माणसाकडून सुरू होते. आम्ही आणि आमच्यातील तीन वायरमन तरुणांनी एक पेटी बांधायला घेतली, तेव्हा याच प्रश्नांच्या क्रमाने गेलो.

पहिला प्रश्न, उचलणार कोण? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी एक शिफारस केली. एका प्रौढ पुरुषाला उचलावे लागणारे ओझे ५५ किलोहून अधिक असेल, तर ते कमी करण्याचे उपाय शक्य तितक्या लवकर करावेत, असे तीत म्हटले आहे. पंचावन्न ही शेवटची हद्द आहे, आणि रात्री दोन वाजता, अंधारात, ट्रकच्या फाळक्यावरून उतरविताना ती फार होते. आम्ही ठरविले की कोणतीही पेटी पंचवीस किलोवर जाऊ द्यायची नाही. मोठे वाद्य एका मोठ्या पेटीत न बसविता दोन पेट्यांत विभागले. प्लायवूडची पेटी, कडांना अॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, आत फोम, आणि दोन्ही बाजूंना मुठी. मुठी दोन हव्यात, कारण एक मूठ असली की माणूस वाकडा होऊन चालतो आणि पाठ धरते.

दुसरा प्रश्न हादऱ्यांचा. ट्रकच्या थरथरीने नट सैल होतात. साध्या नटाखाली स्प्रिंग वॉशर घालावा किंवा नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. घटक फक्त पुढच्या पट्टीवरच्या बारीक स्क्रूंवर लोंबकळत ठेवू नयेत. जड घटकाला मागून आधार द्यावा. वाद्यातल्या लहान जॅकांना बाहेरच्या केबली थेट लावू नयेत. भोंग्याकडे जाणारी जाड केबल कोणाच्या तरी पायात येते, हिसका बसतो, आणि आतली पाटी तडकते. म्हणून पेटीच्या बाजूला मजबूत सॉकेटांची एक पट्टी बसवावी. बाहेरचे सारे तेथे यावे, आणि तेथून आत मऊ वायरीने जावे. हिसका बसलाच तर तो पेटीने सोसावा, वाद्याने नव्हे.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. वर्धा जिल्ह्याला उन्हाळा काय असतो हे या मांडवात बसलेल्यांना सांगायला नको. या यंत्रात सूर विजेच्या दाबावर ठरतो. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो, म्हणजे पेटीच्या एका पट्टीचे अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट झाले. आता सूर ठरविणाऱ्या ट्रान्झिस्टरचा गुण असा, की उष्णतेत एका अंशाचा फरक पडला तर हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश टक्क्याने सरकते. सायंकाळी ४२ अंश आणि मध्यरात्री २८ अंश, असा चौदा अंशांचा फरक पडला, तर साडेचार टक्क्यांच्या आसपास चूक होते. मूळ सुरापासून तीन सप्तके दूरच्या स्वरात ती पेटीच्या एका पट्टीहून अधिक भरते. वरातीत कोणी श्रुती मोजीत नाही हे खरे, पण क्लॅरिनेटवाल्याला ते लगेच कळते आणि त्याचा दोष वाजविणाऱ्या पोरावर येतो. याला उपाय आहे. चांगल्या ऑसिलेटरमध्ये उष्णतेबरोबर आपला रोध बदलणारा एक खास रेझिस्टर ट्रान्झिस्टरला चिकटवून बसविलेला असतो, तो ही चूक बरीचशी भरून काढतो. घटक घेताना तो आहे का, हे पाहून घ्यावे. शिवाय वाद्य वाजविण्यापूर्वी अर्धा तास चालू ठेवावे, आणि उन्हात उभ्या ट्रकवर उघडे टाकू नये. पांढऱ्या जाड कापडाची खोळ शिवून घ्यायला फार खर्च येत नाही.

चौथा प्रश्न धुळीचा आणि पावसाचा. रिकाम्या जागा कोऱ्या पट्ट्यांनी बंद कराव्यात. ट्रकवरच्या वाद्याला पंखा लावू नये, कारण तो वाऱ्याबरोबर धूळही आत ओढतो. जॅक महिन्यातून एकदा साफ करावेत. गणपतीच्या दिवसांत पेटी ओली झालीच, तर ती पुसून, उघडून, पुरती वाळेपर्यंत वीज देऊ नये, मग यजमान कितीही ओरडो.

पाचवा प्रश्न विजेचा. इथे जरा थांबून ऐकावे, कारण आजवर जे बोललो ते वाद्य वाचविण्याविषयी होते, आणि आता माणूस वाचविण्याविषयी बोलावयाचे आहे.

वाद्याच्या आत बारा व्होल्ट असतात. त्यांनी कोणी मरत नाही. पण तिथेही उलटी पिन लावली तर घटक जळतो. रिबन केबलीची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला येते, हे ध्यानात ठेवावे आणि एकाच दिशेने बसतील असेच खाचेचे सॉकेट घ्यावे. प्रत्येक घटक किती वीज घेतो त्याची बेरीज करावी, आणि वीजपुरवठा त्याच्या दुप्पट ताकदीचा ठेवावा. आमच्या पेटीतल्या घटकांची बेरीज सव्वा अँपिअर भरली, तर आम्ही अडीच अँपिअरचा पुरवठा बसविला. तो पूर्ण ताणावर चालत नाही म्हणून तापत नाही, आणि तापत नाही म्हणून टिकतो.

खरा धोका २३० व्होल्टचा आहे. मंडपातल्या बोर्डात तीन पिनांचा प्लग बसला नाही की तिसरी पिन कापून टाकायची, किंवा वायरीची दोन टोके काडीने सॉकेटात खोचायची, ही आपल्याकडची रीत. तिसरी पिन म्हणजे अर्थिंग. ती कापली की वाद्याच्या लोखंडी पट्टीवर वीज उतरली तरी कोणाला कळत नाही. मग वादकाचा एक हात वाद्यावर असतो, तो दुसऱ्या हाताने माइक धरतो, आणि वीज छातीतून जाते. वेल्स प्रांतात मे १९७२ मध्ये लेस्ली हार्वी हा गिटारवादक स्वान्सी येथे भर कार्यक्रमात, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून मेला. तो सत्तावीस वर्षांचा होता. तिकडे नाव झाले म्हणून ही गोष्ट लिहिली गेली. आपल्याकडे गावातल्या मंडपात असे काही घडले, तर वर्तमानपत्रात दोन ओळी येतात आणि त्यांत वाद्याचे नावही नसते.

म्हणून आमचा आग्रह आहे, की पेटीत वीज एकाच जागेतून शिरावी आणि त्या जागी एमसीबी व आरसीसीबी ही दोन्ही बटणे असावीत. एमसीबी वायर वाचविते. आरसीसीबी माणूस वाचविते. जाणारी आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती पुरवठा तोडते. तिच्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. ते प्रत्येक कार्यक्रमापूर्वी दाबून पाहावे. जनरेटरवर चालवायचे असेल, तर त्याचा न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. ती नसेल तर आरसीसीबी असूनही नसल्यासारखी. आणि मिरवणुकीत गाडीवर चढून भोंग्यांवर उभे राहणाऱ्यांनी वर पाहावे. रस्ता ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची नियमाने ६.१ मीटर आहे, म्हणजे वीस फूट. ट्रक, त्यावर भोंग्यांची रास, त्यावर माणूस आणि त्याच्या हातात झेंड्याची काठी, अशी बेरीज करून पाहा. काय उरते ते आपणच मोजा.

कोणी म्हणेल, एवढा खर्च करायचा कोणी? आरसीसीबी काही हजारांची वस्तू आहे, हे मान्य. पण एका रात्रीच्या सुपारीशी ती ताडून पाहावी. भोंगे वाढवायला पैसे मिळतात, दिव्यांच्या माळांना मिळतात, गाडीवरच्या रंगाला मिळतात. जे दिसते त्याला पैसा आहे, आणि पेटीच्या आत जे बसते त्याला नाही.

आता शेवटचा प्रश्न, मालकीचा. वाद्य मोडले की भरपाई कोणाची? बऱ्याच ठिकाणी ती वाजविणाऱ्याच्या मजुरीतून कापली जाते. याबाबत कायद्याचे तत्त्व जुने आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ते होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवलेले आहे. सोपविलेल्या मालाचे नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. धुमाल पार्टीतला पोरगा कायद्याच्या अर्थाने कामगार ठरतो की नाही, हा वाद वकील करतील. पण तत्त्व न्यायाचे आहे, आणि ते पाळायला कोर्टाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी एक वही पुरे. कोणता घटक केव्हा घेतला, केव्हा बिघडला, कोणी दुरुस्त केला, काय खर्च आला, आणि बिघडला तेव्हा गाडी कुठे होती, हे तारखेनिशी लिहावे. हंगामाच्या अखेरीस वही उघडली, की कोणती गोष्ट माणसाने मोडली आणि कोणती रस्त्याने, हे आपोआप दिसते. वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर गेली का, तेही कळते. चरखा संघाची अट पाळायची तर हिशेब हवाच.

आणखी एक गोष्ट सुट्या घटकांच्या वाद्यात शक्य आहे, जी बंद डब्यात शक्य नाही. बंद वाद्य एकालाच विकत घ्यावे लागते, आणि ज्याच्याकडे एकरकमी पैसा तो मालक होतो. सुटे वाद्य पाच जणांना मिळून उभे करता येते. एकाने चौकट आणि वीजपुरवठा आणावा, दुसऱ्याने ऑसिलेटर, तिसऱ्याने फिल्टर. आमच्या तरुणांनी असेच केले. तेव्हा लगेच प्रश्न आला, की उद्या एखादा रागावून आपला घटक काढून निघून गेला तर? हे भय खरे आहे, आणि नुसत्या मैत्रीवर विसंबून ते जात नाही. आम्ही कागदावर करार केला. हंगाम चालू असता कोणी घटक काढायचा नाही. जायचे असेल त्याला वहीतल्या किमतीप्रमाणे पैसे मिळतील. आणि प्रत्येक मिळकतीतून काही भाग आधी सुट्या भागांसाठी बाजूला पडेल, मग वाटणी होईल. या शेवटच्या कलमावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला. घरी पैसे न्यायची निकड प्रत्येकाला होती, आणि ती खोटी नव्हती. शेवटी वाटणीआधी दहावा भाग ठेवायचे ठरले. पहिल्याच हंगामात एका घटकाचा जॅक तुटला आणि तो भाग पेटीतच होता. वीस मिनिटांत काम झाले, कार्यक्रम थांबला नाही. त्यानंतर त्या कलमावर कोणी बोलले नाही.

आणि एक अट आम्ही घातली, की पाचही जणांना डाग देता आला पाहिजे. सोल्डरिंग एकालाच येत असेल, तर तो आजारी पडला की सारे वाद्य आजारी. जो वाजवितो त्याने मल्टिमीटर धरायला शिकावे, जो गाडी चालवितो त्याने केबली तपासायला शिकाव्यात. यात कोणाचा कमीपणा नाही. बाजारात कसब लपवून ठेवणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. त्यांचेही पोट त्यावर असते, त्यांना आम्ही दोष देत नाही. पण फिरत्या संचात लपविलेले कसब हे फुटक्या चाकाइतकेच धोक्याचे असते.

मुंबईचे चरणजित सिंग यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. चित्रपटसंगीतात वाजविणारे हे वादक. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची तीन वेगवेगळी विद्युत्‌ यंत्रे एकत्र चालवून दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा तिला कोणी फारसे विचारले नाही. तीस वर्षांनी ती जगभर पुन्हा ऐकली गेली, आणि उतारवयात त्यांना युरोपात कार्यक्रम करावे लागले. २०१५ साली ते गेले. आमच्या गाड्यांवर उभे राहणाऱ्या पोरांत असा कोणी असेल की नाही, हे आज सांगता येणार नाही. पण त्याचे वाद्य दुसऱ्याच वर्षी भंगारात गेले, किंवा तो स्वतःच एखाद्या मंडपात विजेला चिकटला, तर ते कळायची संधीही राहणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना सिंथेसायझर बांधायचे नाही, हे आम्ही जाणतो. पण घरी लग्नकार्य प्रत्येकाच्या असते, आणि वाजंत्र्याला सुपारी आपणच देतो. तेव्हा त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तिसरी पिन शाबूत आहे का? आरसीसीबीचे बटण आज दाबून पाहिले का? आणि सामान उतरवायला माणसे किती आणली आहेत? आपण विचारू लागलो, की पार्टीचा मालक ती तजवीज करू लागेल. गाण्यांची यादी त्यानंतर द्यावी.

 ती पेटी बाहेर ओट्यावर ठेवली आहे. ज्यांना उघडून पाहायची असेल त्यांनी अवश्य पाहावी. पेचकस बाजूलाच ठेवला आहे.